स्पेनचे संगीत आणि मोरिस्कोंचा झांब्रा: काय उरले, काय हरवले?

स्पेनचे संगीत म्हटले की गिटार आठवते, आणि गिटार म्हटली की कोणी ना कोणी सांगतोच, “ही तर मुसलमानांची देणगी!” असे मेसेज आपल्या ग्रुपवर नेहमी फिरत असतात. अंदलुसमध्ये मुसलमानांनी संगीत शिकवले आणि युरोप शिकला, एवढ्या दोन ओळींत आठशे वर्षांचा इतिहास संपतो. ऐकायला बरे वाटते, पण खरी गोष्ट त्याहून गुंतागुंतीची आहे आणि जास्त शिकवणारी आहे.

ग्रॅनाडा पडल्यानंतरची अडीचशे वर्षे, म्हणजे साधारण १४९२ ते १७५०, हा स्पॅनिश संगीताचा सर्वात वैभवाचा काळ मानला जातो. यातला पहिला भाग प्रबोधनकाळाचा, दुसरा बरोक शैलीचा. याच काळात स्पेनमधल्या मुसलमानांची भाषा गेली, कपडे गेले, नावे गेली, हमाम बंद झाले आणि लग्नातले गाणेबजावणेसुद्धा गुन्हा ठरले. एकाच देशात, एकाच वेळी एकीकडे संगीताचे सुवर्णयुग आणि दुसरीकडे संगीतावर बंदी. या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय तो काळ समजत नाही.

शब्दांची साक्ष

सुरुवात वाद्यांच्या नावांपासून करू, कारण तिथे वादाला जागा नाही. स्पॅनिश भाषेत ‘आदुफे’ नावाचे एक चामड्याचे वाद्य आहे. हा शब्द अरबी ‘अद्-दुफ्फ’वरून आला. आपल्याकडे शाहिराच्या हातात असतो तो डफ, त्याचेही मूळ हेच. स्पॅनिशमध्ये मोठ्या ढोलाला ‘आताबाल’ म्हणत. तो अरबी ‘तब्ल’, ज्यातून आपला तबला आला. लढाईतल्या जोडनगाऱ्याला ते ‘नाकारा’ म्हणत, आपण नगारा म्हणतो. लांब तुतारीला ते ‘आन्याफिल’ म्हणत, म्हणजे अरबी-फारसीतली नफीर. धनुकलीने वाजवायचा ‘राबेल’ म्हणजे रबाब, आणि ‘लाऊद’ म्हणजे अल्-ऊद. हाच ऊद पुढे युरोपभर ल्यूट नावाने पसरला.

एकच अरबी शब्द फारसीच्या वाटेने दख्खनपर्यंत आला आणि अंदलुसच्या वाटेने स्पेनमध्ये गेला. शब्द असे नुसते जात नाहीत; सोबत वाद्य जाते, वाजवणारा माणूस जातो.

माणसे गेली होती याचेही पुरावे आहेत. तेराव्या शतकात कास्तिलचा ख्रिस्ती राजा दहावा अल्फोन्सो याच्या दरबारात ‘कान्तिगास दे सांता मारिया’ हा गीतसंग्रह तयार झाला. त्याच्या हस्तलिखितात वादकांची रंगीत चित्रे आहेत आणि त्यात मुस्लिम पेहरावातले वादकही दिसतात. पुढे १३२२ मध्ये वायादोलिद इथल्या धर्मपरिषदेने चर्चमधल्या जागरणांत मुसलमान आणि यहुदी वादकांना आणण्यावर बंदी घातली. आता सरळ विचार करा: जे घडतच नाही, त्यावर बंदी कोण घालेल? म्हणजे चर्चमध्येही हे वादक जात होते.

करार झाला आणि मोडला

२ जानेवारी १४९२ रोजी ग्रॅनाडा शहर राणी इसाबेला आणि राजा फर्दिनांद यांच्या ताब्यात गेले. त्याआधी नोव्हेंबर १४९१ मध्ये करार झाला होता. मुसलमानांचा मजहब, मशिदी, काजी आणि रीतिरिवाज यांना हात लावला जाणार नाही, असे त्यात लिहून दिले होते.

ग्रॅनाडाचा पहिला आर्चबिशप हर्नान्दो दे तालावेरा हा त्यातल्या त्यात नरम माणूस. लोकांना ख्रिस्ती करायचे हे त्याचेही ध्येय होतेच, पण समजावून, त्यांच्या भाषेत बोलून. १४९९ मध्ये कार्डिनल सिस्नेरोस आला आणि चित्र पालटले. सामूहिक बाप्तिस्मे झाले, अरबी ग्रंथ जाळले गेले, बंड उठले आणि ते मोडले गेले. १५०२ मध्ये कास्तिलच्या राज्यात मुसलमानांपुढे दोनच पर्याय उरले: ख्रिस्ती व्हा किंवा देश सोडा. आरागोन आणि वालेन्सियात हेच १५२६ पर्यंत झाले. जे राहिले त्यांना ‘मोरिस्को’ म्हटले जाऊ लागले. कागदावर ख्रिस्ती, घरात बरेच जण अजूनही मुसलमान, आणि सरकारच्या नजरेत कायम संशयित.

मोरिस्कोंच्या लग्नांत, सणांत जे सामूहिक गाणे, वाजवणे आणि नाचणे होई, त्याला ‘झांब्रा’ म्हणत. ऊद, डफ, बासरीसारखी वाद्ये त्यात असत. हा काही दरबारी प्रकार नव्हता. आपल्याकडे हळदीला, वरातीला जे असते, तसे ते गावकऱ्यांचे होते.

जिंकणाऱ्यांच्या ओठांवर हरलेल्यांचे दुःख

त्याच वेळी राजाच्या आणि सरदारांच्या वाड्यांत काय वाजत होते? तिथे मान होता ‘विहुएला’ला. दिसायला गिटारसारखी, तारांच्या सहा जोड्या, आणि स्वर मात्र ल्यूटसारखे लावलेले. बाकी युरोपात ल्यूट हेच घराघरातले वाद्य होते. स्पेनने मात्र विहुएला पसंत केली. ल्यूटचा आकार थेट अरबी ऊदची आठवण करून देणारा, म्हणून स्पॅनिश सरदारांनी तो बाजूला ठेवला, असे काही अभ्यासक म्हणतात. दुसरे अभ्यासक हे मान्य करत नाहीत, कारण स्पेनमध्येही ल्यूट वाजत असल्याच्या नोंदी आहेत. म्हणून हा सिद्ध झालेला इतिहास म्हणून पुढे ढकलू नये.

१५३६ ते १५७६ या चाळीस वर्षांत विहुएलाची सात मोठी पुस्तके छापली गेली. पहिले लुईस दे मिलान याचे. दुसरे, १५३८ चे, लुईस दे नार्व्हाएस याचे. हा मूळचा ग्रॅनाडाचाच. एकाच चालीवर वेगवेगळे विस्तार रचण्याची पद्धत, म्हणजे आजच्या भाषेत ‘व्हेरिएशन्स’, छापील स्वरूपात पहिल्यांदा आणणाऱ्यांत त्याचे नाव घेतले जाते.

आता गंमत बघा. या नार्व्हाएसच्या पुस्तकात एक कथागीत आहे. १४८२ मध्ये अल्हामा हे मुसलमानांचे ठाणे पडल्याची खबर ग्रॅनाडाच्या सुलतानाला कशी मिळाली आणि त्याच्यावर काय गुजरली, हा त्याचा विषय. पुढे पिसादोर आणि अंध वादक मिगेल दे फुएन्याना यांनीही अशी गाणी छापली. फुएन्यानाचे १५५४ चे पुस्तक तर फिलिप दुसरा याला अर्पण केलेले आहे. म्हणजे मुस्लिम राजाच्या पराभवाचे दुःख ख्रिस्ती सरदारांच्या दिवाणखान्यात, उत्तम वाद्यावर, डोळे मिटून ऐकले जात होते. गाण्यातला मूर त्यांना प्रिय होता. गल्लीतला मोरिस्को मात्र नको होता.

१५६७: एका वृद्धाचा अर्ज

याच फिलिप दुसऱ्याच्या राज्यात १ जानेवारी १५६७ रोजी ग्रॅनाडात एक फर्मान जाहीर झाले. अरबी बोलणे, लिहिणे बंद. मोरिस्को पेहराव बंद. अरबी नावे बंद. हमाम बंद. आणि लग्नातले झांब्रा बंद. असे हुकूम १५२६ मध्येही निघाले होते, पण मोरिस्कोंनी पैसे भरून ते लांबवले होते. या वेळी सरकार ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.

तेव्हा फ्रान्सिस्को नून्येस मुले नावाचा एक वयोवृद्ध मोरिस्को पुढे आला. घराणे प्रतिष्ठित. तरुणपणी तो खुद्द आर्चबिशप तालावेराच्या पदरी सेवक होता. त्याने ग्रॅनाडाच्या न्यायालयाचा अध्यक्ष पेद्रो दे देसा याच्याकडे लेखी अर्ज दिला. हा अर्ज आजही उपलब्ध आहे आणि प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. त्याने नाही तलवार उपसली, नाही हात जोडून नुसती दया मागितली. त्याने युक्तिवाद केला.

झांब्राबद्दल त्याचे म्हणणे थोडक्यात असे. पहिली गोष्ट, झांब्रा हा इस्लामी विधी नाही, हा ग्रॅनाडा मुलखाचा रिवाज आहे. तो मजहबचा भाग असता तर सगळ्या मुस्लिम देशांत सारखाच असता. पण मोरोक्कोतली वाद्ये वेगळी, तुर्कांची वेगळी. दुसरी गोष्ट, आमच्या जुन्या काळात फकीह मंडळी अशा ठिकाणी येत तेव्हा त्यांचा मान राखून वाद्ये थांबवली जात आणि ते गेल्यावर पुन्हा सुरू होत. जी गोष्ट धर्मपंडितांसमोर थांबवावी लागे, ती धर्माचा विधी कशी असेल?

संगीत जायज की नाजायज, यावर उलेमांमध्ये जुना मतभेद आहे आणि तो इथे सोडवायचा नाही. पण नून्येस मुलेची हुशारी इथेच दिसते. त्या मतभेदालाच त्याने पुरावा बनवले.

तिसरा मुद्दा सर्वात धारदार होता. आर्चबिशप तालावेराने स्वतः झांब्राच्या वादकांना ख्रिस्ती मिरवणुकीत बोलावले होते. आल्पुहारा डोंगराळ भागातल्या उहीहार गावी तो प्रार्थनेला उभा राहिला, तेव्हा तिथे ऑर्गन नव्हता, म्हणून त्याच्या जागी झांब्राचीच वाद्ये वाजली. नून्येस मुले हे स्वतः पाहिलेला माणूस होता. तुमच्याच पहिल्या धर्मगुरूने ज्याला प्रार्थनेत जागा दिली, त्यात तुम्हाला आज कुफ्र, म्हणजे तुमच्या भाषेत पाखंड, कुठून दिसले? असा त्याच्या अर्जाचा सूर होता.

भाषेबद्दलही त्याने हेच केले. जेरुसलेमचे आणि माल्टाचे ख्रिस्ती अरबी बोलतात, मग अरबी ही फक्त मुसलमानांची भाषा कशी, असे त्याने विचारले.

अर्ज फेटाळला गेला. १५६८ च्या नाताळात आल्पुहारात बंड पेटले आणि १५७१ पर्यंत चालले. अर्थात, बंडामागे कर, जमिनी, अधिकाऱ्यांचा जाच अशी इतर कारणेही होती. ते चिरडल्यावर ग्रॅनाडाच्या सुमारे ८० हजार मोरिस्कोंना हाकलून कास्तिलच्या गावागावांत विखरून टाकले गेले. वाटेतच कित्येक जण थंडीने आणि रोगराईने मेले. शेवटी १६०९ ते १६१४ दरम्यान संपूर्ण स्पेनमधून सुमारे ३ लाख मोरिस्को देशाबाहेर काढले गेले. बहुतेकांचा बाप्तिस्मा झालेला होता. त्याचा काही उपयोग झाला नाही.

चर्चचे सुवर्णयुग

याच वर्षांत स्पेनच्या चर्चमधले संगीत शिखरावर होते. क्रिस्तोबाल दे मोरालेस १५३५ ते १५४५ या काळात रोममध्ये पोपच्या गायकवृंदात होता. सेव्हिलचा फ्रान्सिस्को गेरेरो १५८८ मध्ये जेरुसलेमच्या यात्रेला गेला, म्हणजे उस्मानी सुलतानाच्या मुलखात, आणि परत येऊन त्याने त्या प्रवासावर पुस्तक लिहिले. राजाचा अंध ऑर्गनवादक अंतोनियो दे काबेसोन याच्या रचना त्याच्या मृत्यूनंतर, १५७८ मध्ये, मुलाने छापल्या. आणि सर्वात थोर मानला जातो तो तोमास लुईस दे व्हिक्टोरिया. सम्राज्ञी मारियाच्या निधनानंतर त्याने रचलेले शोकसंगीत १६०५ मध्ये छापले गेले. आजही जगभरातले गायकवृंद ते गातात.

या संगीताला ‘मुस्लिम देणगी’ म्हणता येणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. चार, सहा, आठ आवाज एकाच वेळी वेगवेगळ्या ओळी गातात आणि त्या एकमेकींत गुंफल्या जातात, हे तंत्र फ्रान्स, फ्लँडर्स आणि इटलीकडून आले. अरबी संगीत, आपल्या रागसंगीतासारखेच, एका सुरावटीला खुलवत नेते. दोन्हींचे सौंदर्य वेगळे. व्हिक्टोरियाचे श्रेय त्याचेच.

पण त्याच काळातला एक माणूस लक्षात ठेवण्यासारखा आहे. फ्रान्सिस्को सालिनास, हाही अंध. १५६७ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी ग्रॅनाडात बंदी जाहीर झाली त्याच वर्षी, तो सालामांका विद्यापीठात संगीताचा प्राध्यापक झाला. १५७७ मध्ये त्याचा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्याने लोकांच्या तोंडच्या अनेक चाली लिहून ठेवल्या, आणि त्यातली एक अरबी शब्दांची आहे. ती चाल ख्रिस्ती लोकांच्या कथागीतातही वापरली जाते, हेही त्याने नोंदवले. सरकार अरबी शब्द पुसत होते, आणि एक अंध पंडित अरबी गाण्याची चाल कागदावर उतरवत होता. विद्वानाचे काम याला म्हणतात.

बरोक काळ: गिटार, नाटक आणि राजवाडा

१६०० नंतर विहुएला मागे पडली आणि गिटार पुढे आली. १६११ च्या आपल्या शब्दकोशात कोव्हारुबियासने याबद्दल नाराजी व्यक्त केली. गिटार इतकी सोपी की कोणीही वाजवू शकतो, हीच त्याची तक्रार. पण सोपी होती म्हणूनच ती न्हाव्याच्या दुकानापासून राजवाड्यापर्यंत पोहोचली. १६७४ मध्ये सारागोसा इथे गास्पार सान्सने गिटार शिकवणारे पुस्तक काढले. त्यातल्या चालींवर विसाव्या शतकात होआकिन रोद्रिगोने वाद्यवृंदासाठी रचना केली.

गिटारचे मूळ मात्र थेट अरबी आहे असे म्हणता येत नाही. नाव ग्रीक ‘किथारा’पर्यंत मागे जाते आणि अरबी ‘कितारा’ही त्याच कुळातला. ऊद, विहुएला, गिटार या एकाच अंगणात वाढलेल्या बहिणी आहेत असे म्हणा. आई-मुलीचे नाते लावायची घाई नको. ‘सराबांद’ नाचाचेही तसेच. त्याला अनेकांनी अरबी मूळ चिकटवले, पण त्याच्या सर्वात जुन्या लेखी नोंदी अमेरिका खंडातल्या स्पॅनिश वसाहतींमधून आहेत. हा नाच अश्लील म्हणून १५८३ मध्ये स्पेनमध्ये त्यावर बंदी आली, कडक शिक्षा ठरली. आणि पुढे काय झाले? तोच नाच संथ, गंभीर होऊन फ्रान्स-जर्मनीच्या दरबारांत गेला आणि बाखच्या रचनांत जाऊन बसला. बंदी घालणारे आज कोणाला आठवत नाहीत.

रंगभूमीवर काल्देरोनने लिहिलेल्या नाटकाला हुआन हिदाल्गोने १६६० मध्ये संपूर्ण संगीत दिले. बोलणे आणि गाणे मिसळलेला ‘सारसुएला’ हा प्रकारही याच काळातला. आपल्या संगीत नाटकाशी त्याचे साम्य लगेच जाणवेल. अठराव्या शतकात राजवाड्यावर इटलीची छाप पडली. गायक फारिनेली १७३७ मध्ये आला आणि उदास राजा पाचवा फिलिप याचे मन रमवू लागला. दोमेनिको स्कार्लाती १७२९ पासून १७५७ मध्ये मरेपर्यंत स्पेनमध्ये राहिला. त्याच्या साडेपाचशेहून अधिक रचना आहेत आणि काहींत रस्त्यावरच्या स्पॅनिश गिटारची झाक स्पष्ट ऐकू येते. दरम्यान १७३४ च्या नाताळात माद्रिदचा जुना राजवाडा जळाला आणि राजदरबाराच्या संगीताचा मोठा साठा त्यात खाक झाला. नशीब बघा, जपलेलेही असे जाते.

समुद्रापलीकडे

मोरिस्को गेले कुठे? तेतुआन, राबात, त्लेमसेन, ट्युनिस. ट्युनिसियात तेस्तूर नावाचे गाव त्यांनीच वसवले. या शहरांत आधीपासून अंदलुसहून आलेली कुटुंबे होती. नव्यांची त्यात भर पडली. तिथे जे संगीत टिकले त्याला ट्युनिसियात ‘मालूफ’ म्हणतात, त्लेमसेन-राबातकडे ‘गर्नाती’, म्हणजे ग्रॅनाडाचे, आणि मोरोक्कोत ‘आला’. त्यातल्या मोठ्या रचनेला ‘नूबा’ म्हणतात. आपल्याकडची नौबत आणि हा नूबा यांचा मूळ शब्द एकच, अर्थ ‘पाळी’. अठराव्या शतकाच्या शेवटी तेतुआनच्या अल्-हाइकने या गाण्यांचे शब्द संग्रहित केले; मोरोक्कोत आज ११ नूबा गायल्या जातात. ट्युनिसमध्ये १९३४ मध्ये मालूफ जपण्यासाठी ‘रशीदिय्या’ संस्था उभी राहिली.

आजचे मालूफ म्हणजे जसेच्या तसे १४९२ चे संगीत नव्हे. तोंडी परंपरा चारशे वर्षांत बदलतेच. पण ग्रॅनाडाचे नाव त्या लोकांनी सोडले नाही, हे मोठे.

आणि ग्रॅनाडात? सॅक्रोमाँते टेकडीवरच्या गुहांत जिप्सी कुटुंबे लग्नात जो नाच करतात, त्याचे नाव आजही ‘झांब्रा’ आहे. जिप्सींनीही स्पेनमध्ये कायद्याचा मार कमी खाल्लेला नाही. मोरिस्कोंच्या झांब्राशी या नाचाचे नाते किती सरळ, हा वादाचा विषय आहे. पण ज्या शब्दावर १५६७ मध्ये बंदी आली तो शब्द त्याच शहरात जिवंत आहे.

हिशेब काय सांगतो?

एक, सगळे आपणच दिले असे म्हणण्याची गरज नाही. जे खरे दिले तेवढेच पुरेसे आहे आणि त्याचे पुरावे भक्कम आहेत. अतिशयोक्ती केली की समोरचा खरेही मानत नाही.

दोन, वाद्य, सूर आणि शब्द माणसांच्या शेजारपणातून मिसळतात. ते वेगळे करायला निघालेल्या हुकूमतीला शेवटी माणसेच हाकलावी लागली, तरी शब्द आणि सूर राहिलेच.

तीन, नून्येस मुले हरला, पण त्याचा अर्ज उरला. त्यामुळे आज आपल्याला कळते की झांब्रा काय होता, कोण वाजवत होते आणि तो का बंद झाला. घरातल्या बुजुर्गांना जी लग्नाची गाणी, ओव्या, रिवाज आठवतात, ते लिहून, रेकॉर्ड करून ठेवायला कोणत्या फर्मानाची वाट पाहायची? झांब्राच्या वादकांनी आपले सूर लिहून ठेवले नव्हते. त्यांच्याबद्दल आपण आज वाचू शकतो, त्यांना ऐकू मात्र शकत नाही.